वाटेकरी

१

मला वाटलं होतं, बाबांच्या घराच्या प्रत्येक खिडकीतून पठार दिसत असेल.

फोनवर ते तसंच सांगायचे. टाकीवर रानमेंढे पाणी प्यायला येतात. ओट्याखाली खोकडीने पिल्लं घातलीत. तरस अंगणातून जातं आणि आपल्याकडे बघतसुद्धा नाही, एखाद्या रुसलेल्या शेजाऱ्यासारखं. फ्रान्समधल्या ल्योंच्या कारखान्यात मोटारींना रंग मारण्यात उभी हयात गेलेला माणूस निवृत्त होतो, खोकला आणि पेन्शन घेऊन आपल्या पठारावर परततो आणि जनावरांच्या शेजारी घर बांधून राहतो. मी तिकडच्या विद्यापीठात वन्यजीवांचाच अभ्यास करत होते. माणूस आणि जनावर एकमेकांना जागा देऊन राहू शकतात, हे आम्हाला मोठमोठे तक्ते लावून शिकवत. माझे बाबा ते करून दाखवत होते. वर्गात त्यांच्याविषयी बोलताना माझा आवाज चढायचा.

प्रत्यक्षात पठाराकडच्या सगळ्या खिडक्या दगडमातीने बुजवलेल्या होत्या. एकीची माती अजून ओली होती. बाहेर भर दुपार, आणि आत दिवा लावावा लागला. शेळ्यांचा गोठा रिकामा. बाबांच्या गालांची हाडं वर आलेली. मिदेल्त शहरातून आणणाऱ्या जीपवाल्याने मला कोरड्या ओढ्याच्या अलीकडेच, गावाच्या बाजूला उतरवलं होतं. टायर जुने आहेत म्हणाला. ओढ्याच्या उताराशी एका काठीवर कोल्ह्याचं कातडं टांगलेलं होतं, शेपटासकट. ते पाहिल्यापासूनच माझं डोकं तापलेलं होतं.

बाबा टाकीवरून पाणी आणायला गेले. चुलीवर मातीच्या भांड्यात मांस शिजत होतं, त्याला जिऱ्याचा वास येत होता. मी वाढून घेतलं आणि जवाच्या भाकरीशी खाल्लं. ते परत आले तेव्हा वाटी माझ्या हातात होती.

"कुणी सांगितलं तुला त्याला हात लावायला?"

"भूक लागली होती, बाबा. सगळं नाही संपवलं."

"किती खाल्लंस?"

"आता घास मोजू?"

त्यांनी वाटी घेतली, दिव्यापाशी नेऊन तळ पाहिला आणि खालीच बसले.

"मी तुला येऊ नको म्हटलं होतं, तूदा."

"तुम्ही दर वेळी तेच म्हणता."

पोरगी तिकडची चांगली नोकरी सोडून बापाकडे येते आणि बाप वाटीचा तळ बघतो. मी रागाने पांघरूण डोक्यावरून घेतलं. केसांचा चाप काढून उशालगतच्या कोनाड्यात ठेवला, हे मला पक्कं आठवतं.

२

सकाळी अंगणात वाटे घातलेले होते.

आमच्याकडे जनावर सगळ्या घरांचं मिळून कापतात. रानदवण्याच्या जुड्या अंथरायच्या आणि त्यांवर वाटे घालायचे, प्रत्येकात सगळं थोडं थोडं: काळजाचा तुकडा, फासळी, फुप्फुस, चरबी. प्रत्येक घर आपली एक खूण देतं, मणी, किल्ली, बटण, काहीही. एक जण पाठमोरा उभा राहतो, हात मागे करून खुणा घेतो आणि कुणाची कुठली हे न बघता वाट्यांवर ठेवत जातो. कुणी कुरकुर करायची नाही. लहानपणी सुट्टीत यायचे तेव्हा मला जगातली सगळ्यात न्याय्य गोष्ट ती वाटायची.

म्हणून आधी मला बरं वाटलं. मग लक्षात आलं, हे वाटे घेणारं इथे दुसरं घरच नाही.

"तुम्ही जनावरांना मांस घालता?" मी घरात शिरत ओरडले. "अंगणात? हातानं? ती माणसाला सोकावतात, मग गावात शिरतात, मग हे लोक विष घालतात! तुम्ही त्यांना जगवत नाही आहात, मारताय!"

बाबा अंथरुणावर उठून बसले होते. "मी नाही घातले."

"मग कुणी घातले?"

ते पायातल्या मोज्याची सुरकुती काढत राहिले.

मी पुन्हा बाहेर आले. शिकलेली मुलगी होते. खाली बसून नीट पाहिलं. मांस चाकूने कापलेलं नव्हतं, फाडलेलं होतं. पण काळीज सगळ्या वाट्यांत होतं, आणि सारखं होतं. चरबीचे तुकडे सारखे. तरस काळीज वाटत बसत नाही. जनावर वाटतच नाही, बळकट खातं आणि दुबळं उरलेलं चाटतं. वाटतो तो माणूस. म्हणजे हे माणसाचं काम होतं. इतकं सोपं उत्तर मिळाल्यावर मला धीर आला.

मग मी खुणा पाहिल्या. एका वाट्यावर साळिंदराचा काटा. एकावर घुबडाचं पीस, एकावर गोगलगाईचं रिकामं कवच, एकावर शिंगाचा टवका. एकावर बाबांचा पितळी बिल्ला, कारखान्यातल्या त्यांच्या कपाटाचा. आणि कडेच्या वाट्यावर माझा चाप.

रात्री दाराला आतून कुलूप होतं. मीच लावलं होतं.

चाप उचलून मी केसांत इतका घट्ट खोवला की टाळू दुखली. गावातल्या कुणाकडे तरी बाबांच्या घराची दुसरी किल्ली असणार. असलीच पाहिजे. एका म्हाताऱ्याला घाबरवून पठारावरून हुसकावायचं, त्याच्या पोरीला पहिल्याच दिवशी धडा शिकवायचा. कोल्ह्याचं कातडं टांगणारे लोक काय करणार नाहीत?

३

गावातही त्या दिवशी वाटे होते. पुरुष मशिदीच्या भिंतीला टेकून उन्हात बसले होते, बोकड सोलून झाला होता.

"आली बघा फ्रान्सची डॉक्टरीण," मोहा म्हणाला. हा मेंढपाळ लहानपणीही माझी वेणी ओढायचा. "जनावरांची का माणसांची गं?"

"तुमच्यासारख्यांची. दोन्हींत न मोडणाऱ्यांची."

हशा पिकला. मी तो संपायची वाट पाहिली नाही.

"माझ्या बापाच्या अंगणात मांस कोण टाकतं?"

"आमचंच आम्हाला पुरंना, तुझ्या बापाला कोण टाकतंय?"

पण हसणं अर्ध्यात थांबलं होतं. ते एकमेकांकडे बघत होते. गावचे मुखी झायदकाका खांद्यावरची चामड्याची पिशवी सावरत उठले. तीत सगळ्या घरांच्या खुणा असतात.

"पोरी, तुझा बाप बासू आमचाच आहे. पण त्यानं घर ओढ्यापलीकडं बांधलं. नको म्हणत असताना बांधलं. आपला वाटा ओढा ओलांडत नाही."

"असं कुणी ठरवलं?"

"ठरलेलं आहे."

"बाबांनी पाठवलेल्या पैशातून मशिदीला पत्रे घातलेत ना? त्या पत्र्यांच्या सावलीत बसून तुम्ही त्यांना वगळलंत! एक म्हातारा माणूस, बायको परदेशात पुरून आलेला. त्याला काळजाचा एक तुकडा द्यायला तुमचे हात लुळे पडले?"

"बाईमाणसानं मशिदीपुढं आवाज चढवू नये," कुणीतरी म्हणालं.

मग मी आवाज चढवला नाही. पुढे झाले आणि झायदकाकांच्या खांद्यावरून पिशवी ओढून घेतली. कुणाला काही कळायच्या आत ती माझ्या काखेत होती.

"यात बाबांची खूण पडेपर्यंत ही माझ्याकडे राहील."

"ने, ने," मोहा म्हणाला. "आज डोळे मिटून वाटे उचलू. मला तसंही दर वेळी शेपटीच येते."

झायदकाका हसले नाहीत. पण मुखी असून पोरीच्या मागे धावणं त्यांना शोभणार नव्हतं, हे मला माहीत होतं.

ओढ्यापाशी मला हद्दाआत्याने गाठलं. बाबांची ही धाकटी बहीण गुडघे दुखतात म्हणून एरवी दारातून हलत नाही. धापा टाकत होती.

"तूदा! ती पिशवी इकडं दे. पलीकडं नेऊ नकोस, तुझ्या पाया पडते."

"बाबांना वगळलं तेव्हा तू कुठे होतीस?"

"मला कोण विचारतंय तिथं?"

"तुझी खूण आहे ना यात?"

"निळा मणी. तुझ्या आईनं दिलेला." तिने माझा दंड धरला. "त्यानं काय केलं ते त्यालाच विचार. वाटे घातल्यावर हाक कुणीकडं तोंड करून दिली, ते विचार त्याला."

मी दंड सोडवला आणि ओढा ओलांडला.

४

बाबा टाकीपाशी आरसा टेकवून दाढी करत होते. अंगावर ईदचा पांढरा, पायघोळ जेलाबा होता.

"कुठे निघालात?"

"कुठं नाही."

"शेळ्या कुठे आहेत?"

"दिल्या."

"विकल्या?"

"दिल्या म्हटलं ना."

मी पिशवी दाराशी आपटली. "हद्दाआत्या म्हणते, हाक कुणीकडं तोंड करून दिली ते विचार."

वस्तरा गालावर थांबला. वाटे घातल्यावर हाक द्यायची रीत आहे. कोणी राहिलंय का? तीनदा, मशिदीकडे तोंड करून, म्हणजे एखादं घर विसरलं असेल तर ते ऐकून येईल.

"इथं आल्यावर पहिल्या ईदला मी गावात गेलो," बाबा म्हणाले. "खूण घेऊन गेलो होतो. झायदनं हात मागं केला, मी बिल्ला ठेवला, आणि त्यानं तो न बघताच खाली टाकला. त्याला हातालाच कळलं. सगळे बघत होते." त्यांनी वस्तरा पाण्यात बुडवला. "राग आला होता, तूदा. घरी आलो, माझा बोकड कापला. म्हटलं, इथं माझे शेजारी वेगळे आहेत. वाटे घातले. आणि पठाराकडं तोंड करून हाक दिली."

"मग?"

"मग जे राहिलं होतं ते आलं."

"तरसं आली."

"तरसंही आली."

टाकीच्या कडेला एक खोकडी पाणी पीत होती, हाताच्या अंतरावर. बाबांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. फोनवरचं ते चित्र अखेर माझ्यासमोर होतं, आणि मी टाकीपासून एक पाऊल मागे सरकले.

"एकदा वाटा घेतला की फेडायचा असतो. पाळीपाळीनं. त्यांनी आणलं, मग मी दिलं. असं चाललं. आणि रांगेत कुणी नवीन बसलं, तर पुढचं जनावर नव्याचं. हे तुलाही ठाऊक आहे."

"नवीन कोण बसलंय?"

त्यांनी टॉवेलने तोंड पुसलं. बराच वेळ पुसलं.

"तू काल त्यांनी दिलेल्या वाट्याची वाटी घेऊन बसलीस, मी टाकीवरून येईपर्यंत. तुझ्या हातून घ्यायला मला उशीर झाला." मग अगदी सहज, बाजारातून मीठ आणायला जातो म्हणावं तसं, "तिच्या वाटणीचं मी देतो, असं मी सांगून ठेवलंय."

मला भीती वाटायला हवी होती. मला संताप आला. गावाने या माणसाला इतकं एकटं पाडलं की त्याचं डोकं फिरलं. एकाकी म्हाताऱ्यांना असे भास होतात, मी वाचलं होतं. त्यांना बोलकं ठेवावं, डॉक्टरांकडे न्यावं, हेही वाचलं होतं.

"उद्या सकाळी आपण मिदेल्तला जायचंय," मी म्हटलं.

"बरं," बाबा म्हणाले. तुला जे हवं ते, अशा आवाजात.

५

संध्याकाळी वारा सुटला. उजेड अजून होता. त्यांचा भास त्यांनाच दाखवून द्यावा म्हणून मी ओल्या मातीच्या खिडकीतला एक दगड ओढून काढला आणि भोकाला डोळा लावला.

अंगणाच्या पलीकडे, सपाटीवर, ती गोल करून बसली होती.

तरसं होती. कोल्हे होते, खोकडांची जोडी होती. त्यांच्या मधेमधे रानमेंढे बसलेले होते, पुढचे पाय मुडपून, आणि एका कोल्ह्याच्या बगलेला लागून ससा. गवत खाणारी जनावरं मांसाच्या वाट्याला कशाला बसतील? हा प्रश्न माझ्या अभ्यासातला होता म्हणून मी त्याला धरून राहिले. उत्तर येत नव्हतं, तरी धरून राहिले.

एकही घराकडे बघत नव्हतं. सगळी मधे बघत होती.

मधे कुणीतरी उभं होतं, घराकडे पाठ करून. आधी वाटलं बाबाच बाहेर गेलेत. पण बाबांचा श्वास माझ्या कानाशी होता. जे मधे उभं होतं त्याला मी जनावर म्हणणार नाही. माणूस म्हणायला जीभ वळत नाही. धुळीचा लोट आला, गेला, आणि तेवढ्यात त्याने हात मागे केला होता. तळवा उघडला. स्वच्छ होता तळवा, नुकताच धुतल्यासारखा. वाट बघत होता.

मग हाक आली. शब्द नव्हते तिच्यात. नुसती चाल होती, पण ती चाल मी लहानपणापासून ओळखते. शेवटाला वर जाणारी. तीनदा.

बाबा दाराकडे निघाले.

मी त्यांना कवेत धरलं. ते फार हलके झाले होते.

"सोड गं," ते माझ्या खांद्याशी पुटपुटले. "हात मागं केलाय. ताटकळत ठेवू नये कुणाला."

मी दाराला पाठ लावून बसले आणि माझ्या ओढणीने त्यांचं मनगट माझ्या मनगटाला बांधलं. कुणी दार ठोठावलं नाही, कुणी ओरखाडलं नाही. बाहेर बराच वेळ कुणीतरी रानदवणा उपटत होतं. सावकाश, मुळांची माती झटकत.

६

सकाळी मी दार उघडलं. बाबा उंबऱ्याआड झोपले होते, दाढी केलेले, पांढऱ्या कपड्यात.

अंगणात ताज्या जुड्या अंथरलेल्या होत्या. त्यांवर मांस नव्हतं. खुणा मात्र होत्या. काटा, पीस, कवच, शिंगाचा टवका. आणि माझा चाप. मी केसांत हात घातला. टाळू अजून दुखत होती. चाप नव्हता.

बाबांचा बिल्ला कुठल्याच जुडीवर नव्हता. ज्याचे वाटे होणार असतात, त्याला वाटा नसतो.

त्यापुढे, ओढ्याच्या दिशेने, आणखी बऱ्याच जुड्या अंथरलेल्या होत्या. त्यांवर कुणाचीच खूण नव्हती. नीट अंतर राखून जागा सोडलेली होती, पाहुणे यायचे असावेत तशी.

ओढ्यापलीकडे गावातले पुरुष काठ्या घेऊन उभे होते. झायदकाका पुढे होते, हद्दाआत्या मागे. माझा ऊर भरून आला. माणसं शेवटी माणसंच असतात, असं मला खरंच वाटलं.

"काका!" मी ओरडले. "बाबांना पलीकडे घ्या! मी त्यांना आणते, तुम्ही ओढ्यात या!"

"पिशवी टाक!" झायदकाका म्हणाले.

"देते! आधी बाबांना..."

"पिशवी टाक आणि तू ये. एकटी ये. बासूला आणू नकोस. त्याला अलीकडं आणलंस तर ती मागोमाग येतील."

"ते तुमच्याबरोबर खेळलेत लहानपणी!"

मी मोहाकडे पाहिलं. आज त्याला काही चेष्टा सुचत नव्हती. हद्दाआत्याने ओढणीचा बोळा तोंडात धरला होता. सगळे उभे होते, आणि कुणीही ओढ्यात पाऊल टाकलं नाही. एकानेही नाही. एका माणसाला वजा करून उरलेलं गाव किती नीट रांगेत उभं होतं.

माझ्या उजव्या बाजूला, घराच्या सावलीत, दोन तरसं येऊन बसली होती. माझ्याकडे बघत नव्हती. ताटकळलेली होती, पण रीत सोडत नव्हती. शेजाऱ्यांनी मिळून राहायचं, कुणाला वगळायचं नाही, हेच मी इतक्या दूर जाऊन शिकून आले होते. इथे ते पाळणारे कोण होते, ते मला दिसत होतं.

मी घरातून पिशवी आणली. खाली बसून तोंड सोडलं. किल्ल्या, बटणं, तांब्याचं कडं, मोहाच्या घरची शेळीची घंटा, झायदकाकांची दातवण ठेवायची डबी. त्यातून मी निळा मणी शोधून काढला आणि माझ्या खिशात ठेवला.

रांगेत आता नवीन कोण बसणार, हे ओढ्यापलीकडे झायदकाकांच्या लक्षात आलं. ते माझं नाव घेऊन ओरडू लागले.

मी उरलेली पिशवी मोकळ्या जुड्यांवर उपडी केली. मग त्यांच्याकडे पाठ केली, पठाराकडे तोंड करून उभी राहिले, आणि कालच्या हाकेला उत्तर दिलं.

"हो," मी म्हटलं. "राहिलंय. हे अख्खं गाव राहिलंय."